फळ्यावरचा भाव

पुस्तकाची नवी आवृत्ति निघाली म्हणून घरांतील जुनी आवृत्ति वाचतां येईनाशी झाली, असें कोणीं ऐकलें नसेल. आमच्या कपाटांत एकाच ग्रंथाच्या तीन आवृत्त्या शेजारीं शेजारीं उभ्या आहेत. पहिलीचीं पानें पिवळीं पडलीं आहेत, तिसरीला लांबलचक प्रस्तावना जोडलेली आहे. परंतु तिन्ही उघडून वाचतां येतात आणि एकीच्या येण्यानें दुसरीचें कांहीं अडत नाहीं. संगणकाच्या राज्यांत 'आवृत्ति' या शब्दाचा अर्थ इतका सौम्य नाहीं. तेथें नवी आवृत्ति आली म्हणजे जुनीच्या आश्रयानें राहणाऱ्यांना केव्हां ना केव्हां बिऱ्हाड हलवावें लागतें, आणि हलवितांना कोणतें भांडें फुटलें तें ताबडतोब कळतेंच असें नाहीं. ही गोष्ट आम्हांस ढोकी येथें, आमच्या दुकानाबाहेर टांगलेल्या एका काळ्या फळ्यापायीं कळली. आणि जें भांडें फुटलें तें दुर्दैवानें आमचें नव्हतें.

ढोकी हें धाराशिव जिल्ह्यांतील, म्हणजे पूर्वीच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतील, लातूरकडे जाणाऱ्या वाटेवरचें गांव. तेरणा साखर कारखान्यामुळें त्याचें नांव दूरवर गेलें. शाळेंतून निवृत्त झाल्यावर आम्हीं येथें वह्या-पेन्सिलींचें दुकान घातलें आणि शाळेनें मोडींत काढलेला एक फळा मागून आणून तो दाराबाहेर टांगला. २०१३ सालापासून रोज संध्याकाळीं त्यावर लातूर, बार्शी, कळंब आणि धाराशिव या चार बाजारांतील सोयाबीन, तूर व हरभरा यांचे भाव खडूनें लिहिण्याचा आमचा परिपाठ आहे. सरकारी संकेतस्थळावर हे भाव प्रसिद्ध होतात. तेथून ते गोळा करून आणणारा एक लहानसा प्रोग्रॅम आम्हींच, पुस्तकें वाचून व पुष्कळ रात्री खर्ची घालून, तयार केला होता. कोणी म्हणेल, आतां प्रत्येकाच्या खिशांत फोन असतांना हा फळा कशाला? आम्हांसहि तसें वाटे. परंतु फोनवर आलेला भाव कोणीं कोठून धाडला हें कळत नाहीं, आणि फळ्यावरचें अक्षर गुरुजींचें आहे हें सर्वांना ठाऊक असतें. ज्यांना आम्हीं बाराखडी शिकविली तेच आतां पोतीं मोजूं लागले होते. त्यामुळें फळ्यावर जें असेल तें खरें, असा समज गांवांत कोणीं न ठरवितां रूढ झाला होता, आणि आम्हीहि त्याचा थोडा अभिमान बाळगीत होतों हें कबूल केलें पाहिजे.

आमचा प्रोग्रॅम पायथन नांवाच्या भाषेंत होता. हॉलंडमधील गिडो व्हान रॉसम यांनीं १९८९ च्या नाताळच्या सुटींत या भाषेचा आरंभ केला आणि १९९१ सालीं ती लोकांपुढें ठेवली. तिचें नांव अजगरावरून नव्हे, मॉन्टी पायथन या विनोदी नटमंडळीवरून घेतलेलें आहे. भाषा मोठी सुगम. उतारवयांत आम्हांला ती शिकतां आली यावरूनच वाचकांनीं काय तें समजावें. परंतु भाषा आली म्हणजे तारेपलीकडच्या यंत्राशीं बोलतां येतें असें नाहीं. त्यासाठीं लायब्ररी लागते. येथें लायब्ररी म्हणजे ग्रंथालय नव्हे; दुसऱ्यांनीं आधींच लिहून ठेवलेल्या आणि आपल्या प्रोग्रॅमांत आयत्या घेतां येणाऱ्या कामांचा तो संच असतो. पायथनच्या सार्वजनिक भांडारांत असे संच विनामूल्य ठेवलेले असून 'पिप' नांवाचा एक हरकाम्या ते घरबसल्या आणून देतो. आम्हीं निवडलेल्या लायब्ररीचें नांव 'ट्विस्टेड', म्हणजे पिळलेली.

तिचें काम समजण्यास एस्. टी. स्टँडवरील चहावाला पाहावा. तो एका गिऱ्हाइकाचा चहा उकळेपर्यंत त्याच्याकडे टक लावून बसत नाहीं. एकाचें आधण चढवितो, दुसऱ्याचे पैसे घेतो, तिसऱ्याचा पेला विसळतो, आणि ज्याचें तयार होईल त्याला हांक मारितो. ट्विस्टेडहि तसेंच करिते. लातूरला विचारून उत्तराची वाट पाहत न बसतां ती बार्शीला विचारिते, मग कळंबला, मग धाराशिवला. जें उत्तर येईल तें येईल तसें हातावेगळें करिते. ग्लिफ लेफ्कोविट्झ यांनीं ती शब्दांनीं खेळावयाच्या एका संगणकी खेळासाठीं आरंभिली, आणि २००२ च्या आगेमागें ती स्वतंत्र लायब्ररी म्हणून लोकांच्या हातीं पडूं लागली. खेळ मागें राहिला. त्याची लायब्ररी जगभर गेली. चार बाजारांच्या भावासाठीं एवढा जंगी चहावाला कशाला, असें आम्हांस एका जाणत्या विद्यार्थ्यानें विचारलेंहि होतें. खरें पाहतां एका साध्या लायब्ररीनें काम भागलें असतें. परंतु नवशिक्याला साधी वाट कधींच पसंत पडत नाहीं.

आतां आवृत्तीकडे वळूं. आमच्या गांवास हा प्रकार एका अर्थानें वंशपरंपरेनें ठाऊक आहे. एव्हरार्ड काल्थ्रॉप यांची बार्शी लाइट रेल्वे १८९७ सालीं बार्शी रोडपासून, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीपासून, बार्शीपर्यंत सुरू झाली आणि पुढें ढोकीवरून १९११ सालीं लातुरास पोंचली. तिच्या दोन रुळांमधील अंतर अडीच फूट. कुर्डुवाडीस जो मोठा लोहमार्ग भेटे त्याचें अंतर साडेपांच फूट. लातूरकडून आलेलें पोतें मुंबईस जावयाचें तर तें कुर्डुवाडीस एका डब्यांतून काढून, हमालाच्या पाठीवरून, दुसऱ्या डब्यांत चढवावें लागे. हें काम वेळखाऊ व खर्चाचें खरें. परंतु प्रत्येक पोतें तेथें मनुष्याच्या हाताखालून जात असे, आणि फाटलें असेल तर तें तेथें दिसत असे. २००८ सालीं लातूर ते कुर्डुवाडी हा मार्ग सबंध रुंद झाला आणि ती उतराउतर संपली. योगायोग असा कीं त्याच वर्षीं, ३ डिसेंबर रोजीं, पायथनची तिसरी आवृत्ति प्रसिद्ध झाली. आणि तिचे रूळहि जुन्या रुळांशीं जुळत नव्हते.

फरक एवढाच कीं, रुंद केलेल्या रुळांवर जुनें लहान इंजिन चालवून पाहण्याचें कोणाच्या मनांत येत नाहीं. तें चालणार नाहीं हें डोळ्यांना दिसतें. पायथनचे दोन्ही मार्ग मात्र वर्षानुवर्षे शेजारीं शेजारीं चालू राहिले. दुसऱ्या पिढीची शेवटची शाखा २·७ ही २०१० सालीं निघाली. तिचा सांभाळ २०१५ सालीं थांबवावयाचा असें ठरलें होतें. लोक हलतना म्हणून ती मुदत २०२० च्या १ जानेवारीपर्यंत वाढविण्यांत आली. ट्विस्टेडसारख्या अवाढव्य लायब्ररीचें नव्या पायथनवर स्थलांतर खोली-खोलीनें, कित्येक वर्षे चाललें होतें, आणि जुन्या २·७ ला सांभाळून घेणारी तिची शेवटची आवृत्ति मार्च २०२० ची आहे. एवढ्या काळांत आम्हांला हलतां आलें असतें. आम्ही हललों नाहीं. फळ्यावर रोज भाव उमटत होता, आणि जें चालतें त्याला हात लावूं नये हें आमचें शहाणपण होतें.

ही नवी पिढी निघाली कां, हें सांगितल्याशिवाय पुढची गोष्ट समजणार नाहीं. आणि मराठी वाचकाला तर हें समजलेंच पाहिजे, कारण त्याचें एक मुख्य कारण आपलीं अक्षरें व आपल्यासारख्यांचीं अक्षरें हें होतें. तारेवरून अक्षरें जात नाहींत. जातात ते बाइट, म्हणजे ० ते २५५ यांमधले आंकडे. इंग्रजी अक्षराला एक बाइट पुरतो. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला आज सर्वत्र रूढ असलेल्या पद्धतींत तीन बाइट लागतात, आणि त्यांतील पहिला नेहमीं २२४ असतो. जुन्या पायथनला 'ढोकी' हा साधा शब्द देऊन त्याची लांबी विचारली तर उत्तर येई १२. कारण तें बाइट मोजी. नवें पायथन ४ असें सांगतें; ढ, ओकार, क आणि ईकार हीं चार चिन्हें तें वेगळीं ओळखतें. आमच्या शाळेंतील पहिलीचें पोर दोनच म्हणेल, आणि आमच्या मतें तेंच बरोबर आहे. असो.

जुन्या पायथनचा खरा दोष मोजण्यांत नव्हता. तें बाइट आणि अक्षर यांत भेदच नीट पाळीत नसे. दोन्हींचें मिश्रण झालें तरी, मजकूर इंग्रजी असेपर्यंत, तें निमूट चाले. आणि पहिलें देवनागरी अक्षर आलें कीं २२४ हा आंकडा आपल्या कोष्टकांत बसत नाहीं म्हणून जागींच बसे. जो प्रोग्रॅम लंडनमध्यें दहा वर्षे बिनतक्रार चालला असता तो ढोकींत पहिल्याच संध्याकाळीं पडे. आमचाहि २०१३ सालीं पडला होता. तेव्हां आम्हीं एक युक्ति काढली. सगळेंच बाइट ठेवावयाचें. अक्षर म्हणून कशालाच मानावयाचें नाहीं. संकेतस्थळावरून आलेले बाइट आणि आम्हीं प्रोग्रॅमांत लिहिलेल्या 'सोयाबीन' या शब्दाचे एकवीस बाइट तंतोतंत जुळले कीं ती ओळ आपली. युक्ति चालली. अकरा वर्षे चालली. नव्या पायथननें हा भेद स्पष्ट केला. अक्षर तें अक्षर, बाइट ते बाइट. एकाचें दुसरें करावयाचें तर तसें उघड सांगावें, म्हणजे कुर्डुवाडीस उतरून पोतें हातानें दुसऱ्या डब्यांत चढवावें.

२०२४ सालच्या कोजागरीनंतरच्या शनिवारीं रात्रीं परतीच्या पावसांत वीज पडली आणि आमच्या जुन्या यंत्राचा प्राण गेला. आंतली तबकडी वांचली, तिच्यावरचा प्रोग्रॅम वांचला, त्याच्याबरोबर शनिवारच्या भावांची नोंदहि वांचली. सोयाबीनचे ते दिवस. सरकारनें त्या हंगामासाठीं क्विंटलला ४,८९२ रुपये हमीभाव जाहीर केलेला, बाजार त्याच्या खालींच घुटमळत असलेला, दिवाळी आठ-दहा दिवसांवर. आणि संध्याकाळीं फळ्यापुढें नेहमींपेक्षां दुप्पट माणसें. रविवारीं आम्ही लातुराहून नवें यंत्र आणलें. त्यावर उबुंटूची २४·०४ ही आवृत्ति आणि तिच्या पोटांत पायथन ३·१२.

पिपला ट्विस्टेड आणावयास सांगितलें तों त्यानें पहिल्याच पावलाला आडवा हात घातला. हें पायथन यंत्राच्या स्वतःच्या कारभाराचें आहे, त्यांत बाहेरचें सामान घालूं नये, वेगळी खोली बांधून तींत घालावें, असा त्याचा अर्थ. उपदेश योग्य होता. यंत्राच्या स्वतःच्या कामांतील सुऱ्या-विळ्या आपण बोथट केल्या तर यंत्रच अडावयाचें. परंतु त्याच निरोपाच्या शेवटीं, ऐकावयाचेंच नसेल त्यांच्यासाठीं एक वाट सांगितलेली असते, आणि तिचें नांव करणाऱ्यांनीं इतकें प्रामाणिक ठेवलें आहे कीं त्याचा मराठी अर्थ 'यंत्राचें सामान मोडा' असा होतो. आम्हीं, सोमवारची संध्याकाळ डोळ्यांपुढें ठेवून, तीच वाट धरली. वेगळी खोली आम्हीं मागाहून बांधली. तिला दोन मिनिटें लागतात हेंहि मागाहूनच कळलें.

पुढचें अडणें याहून चमत्कारिक. आमच्या वहींत लायब्ररीचा क्रमांक १७·९ असा लिहिलेला होता. ट्विस्टेडच्या क्रमांकांत साल व महिना असतो. म्हणजे ही सप्टेंबर २०१७ ची. जुन्या मित्रालाच बोलवावें म्हणून आम्हीं तीच मागितली. ती आली, आणि तिचा एक भाग सी भाषेंत असल्यामुळें तो येथेंच जुळवावा लागेल म्हणून जुळणीचीं हत्यारें मागूं लागली. तीं दिलीं. तरी जुळणी होईना. हा कोणता महत्त्वाचा भाग आहे म्हणून आम्हीं रात्रीं अकरा वाजतां शोध केला, तों तो निव्वळ चांचणीपुरता एक लहानसा तुकडा निघाला, आणि त्याचें काम एकच: बोलावल्यावर एक चूक उत्पन्न करणें! चुकीची सूचना नीट पोंचते कीं नाहीं हें पाहण्यासाठीं लायब्ररीच्या कर्त्यांनीं तो ठेवला होता. नवनव्या यंत्रांवर ट्विस्टेड बसवितांना कित्येकांची वाट या एका तुकड्यानें अडविली आहे. पुढें कर्त्यांनीं तो मूळ संचांतून वेगळा काढला. अडविण्यासाठींच जन्मलेल्या वस्तूनें खरोखर अडवावें, यांत तिचा तरी काय अपराध?

आणखी एक विनोद जातां जातां सांगण्यासारखा आहे. एकाच वेळीं अनेकांची वाट पाहण्याची ट्विस्टेडची रीत इतकी उपयुक्त ठरली कीं २०१४ सालीं पायथननें त्याच वळणाची एक सोय आपल्या घरांतच केली, आणि २०१८ सालच्या ३·७ या आवृत्तींत त्यासाठीं लागणारा 'असिंक' हा शब्द भाषेचा राखीव शब्द ठरविला. हा शब्द ट्विस्टेडच्या एका कोपऱ्यांत साध्या नांवासारखा वापरलेला होता. झालें, तो राखीव होतांच त्या कोपऱ्यांतील ओळ अशुद्ध ठरली आणि ज्यांचे प्रोग्रॅम तिच्यावरून जात ते सारे कोलमडले. मुलाला नांव दिलें म्हणून आजोबांचें नांव सातबाऱ्यावरून गेलें, तशांतला प्रकार. सुंभ जळला तरी पीळ जात नाहीं म्हणतात. येथें पीळ भाषेनें घेतला आणि चटका सुंभाला बसला.

अखेर जुन्या मित्राचा नाद सोडून आम्हीं त्या वर्षीची ताजी ट्विस्टेड मागितली. ती मुकाट्यानें येऊन बसली. सोमवारची संध्याकाळ तोंवर निघून गेली होती, फळा कोरा राहिला होता, आणि दोघातिघांनीं 'गुरुजी, बरं हाय न्हवं?' म्हणून विचारपूसहि केली होती. आम्ही जुना प्रोग्रॅम नव्या पायथनवर चालवूं लागलों. तो ओळीओळीला अडूं लागला. छापण्याच्या आज्ञेला आतां कंस लागतात, दिले. संकेतस्थळाचा पत्ता बाइटांतच हवा, अक्षरांत चालणार नाहीं, असें ट्विस्टेड म्हणाली. बाइट हवे असतील तेथें अवतरणाच्या आधीं इंग्रजी 'बी' हें अक्षर लिहावयाचें असतें, लिहिलें. आलेला मजकूर ओळींत तोडतांना तीच तक्रार. तेथेंहि 'बी' लावला. रात्रीचे दोन वाजले असतील. तक्रार दिसली कीं 'बी' लावावयाचा, असा आमचा हात बसून गेला होता. याच ओघांत 'सोयाबीन', 'तूर' आणि 'हरभरा' या शब्दांनाहि आम्हीं तो लावला; तों पायथननें निक्षून सांगितलें कीं या रीतीनें फक्त इंग्रजी कोष्टकांतील चिन्हेंच लिहितां येतात. मराठी शब्दाला तेथें मज्जाव. आम्हीं ते तीन 'बी' काढून टाकले आणि पुन्हा चालवून पाहिलें. या खेपेस कसलीच तक्रार आली नाहीं. पडद्यावर बारा भाव ओळीनें उभे राहिले. आम्हीं यंत्राला नमस्कार केला आणि निजलों.

मंगळवारीं संध्याकाळीं फळा लिहिला. बुधवारीं लिहिला. गुरुवारीं लिहितांना भाव कालचेच आहेत असें आमच्या ध्यानांत आलें होतें. एकानें विचारलेंहि, आम्हीं खडू झटकीत सांगितलें, 'बाजार स्थिर आहे.' हें वाक्य आम्ही विसरूं म्हटलें तरी विसरणार नाहीं.

शुक्रवारीं सकाळीं तात्या आले. हें त्यांचें खरें नांव नव्हे. गांवांत अनेकांना तात्या म्हणतात, त्यांतले हे एक. सत्तरीच्या पुढचे, शेजारच्या वाडीवरचे, कोरडवाहू जमीन. दिवाळीच्या खर्चासाठीं चौदा क्विंटल सोयाबीन काढून ठेवलेलें. लातूरला न्यावें कीं जागेवर द्यावें याचा विचार करीत ते बुधवारीं फळ्यापुढें उभे होते. दारीं आलेल्या व्यापाऱ्यानें फळ्याकडेच बोट दाखवून तोच भाव देऊं केला. वाहतुकीचा खर्च नाहीं, थांबावें लागत नाहीं, भाव गुरुजींच्या अक्षरांतला. त्यांनीं माल देऊन टाकला. गुरुवारीं त्यांचा मेव्हणा लातुराहून आला. त्याचा माल बुधवारींच तेथें क्विंटलमागें एकशें वीस रुपये चढ्या भावानें गेला होता.

तात्या भांडायला आले नव्हते. ते पायरीवर बसले आणि म्हणाले, "गुरुजी, म्या तुम्हाला इचारायला आलो. फळ्यावर त्योच भाव व्हता न्हवं? का माझं डोळं गेलं?"

आम्हीं लातुरास एका ओळखीच्या माणसाला फोन लावला. मंगळवार, बुधवार व गुरुवार या तिन्ही दिवसांचे भाव त्यानें सांगितले; तिन्ही वेगळे होते, आणि आमच्या फळ्यावरचे तिन्ही दिवसांचे भाव शनिवारचे होते. "डोळे ठीक आहेत, तात्या," आम्ही म्हणालों. याहून अधिक बोलवेना.

चूक सांपडावयास दुपार लागली. आमच्या प्रोग्रॅमांत आरंभापासून एक नियम होता. एखाद्या दिवशीं बाजार बंद असला आणि धान्याची ओळ सांपडली नाहीं, तर शेवटचा ठाऊक असलेला भाव दाखवावा. फळा रिकामा दिसूं नये, ही त्यामागची हौस. आतां झालें होतें असें: संकेतस्थळावरून आलेलें नांव बाइटांत होतें, आणि आमचा 'सोयाबीन' हा शब्द, 'बी' काढून टाकल्यामुळें, अक्षरांत होता. नव्या पायथनच्या दृष्टीनें हीं दोन भिन्न जातींचीं माणसें. त्यांना जोडूं गेलें, एकाला दुसऱ्यांत शोधूं गेलें, तर तें तक्रार करितें. परंतु 'हीं दोन सारखीं आहेत काय?' एवढेंच विचारलें तर तें शांतपणें 'नाहीं' म्हणून सांगतें, कारण तें उत्तर खरेंच असतें. आम्हीं रोज चारहि बाजारांत तीन धान्यांसाठीं हाच प्रश्न करीत होतों, रोज 'नाहीं' असें खरें उत्तर मिळत होतें, आणि त्या 'नाहीं'चा अर्थ 'आज बाजार बंद' असा लावून प्रोग्रॅम शनिवारचा भाव काढून देत होता. यंत्रानें एकहि गोष्ट खोटी सांगितली नव्हती.

अशी तुलना झाली तर अडून बसावें, असें पायथनला आधीं बजावून ठेवण्याची सोय आहे. चालवितांना दोन 'बी' जोडून एक खूण द्यावी लागते. ती दिल्याबरोबर प्रोग्रॅम नेमका त्याच ओळीवर थांबला. सगळ्या रात्रभर आम्ही ज्या थांबण्यावर चरफडत होतों, तें थांबणें या एका ठिकाणीं आलें असतें तर तात्यांचे पैसे वांचले असते. आलेले बाइट प्रथम अक्षरांत उतरवून घ्यावे, मग काय तें पाहावें, ही दुरुस्ति एका ओळीची होती. अकरा वर्षांपूर्वीं अक्षराला अक्षर न मानण्याची जी युक्ति आम्हीं केली तिचें देणें त्या एका ओळींत फिटलें, निदान आमच्यापुरतें.

ट्विस्टेडच्या कर्त्यांना किंवा पायथनला बोल लावावा, असें एखाद्या घटकेस मनांत आलें. परंतु लायब्ररी बसवितांना जेथें जेथें ती अडली तेथें तेथें तिनें आपलें अडण्याचें कारण सांगितलें होतें. रुळांचें अंतर बदलल्याची पाटीहि कोणीं लपविली नव्हती. फळा रिकामा राहूं नये हा नियम आमचा होता. आणि 'बाजार स्थिर आहे' हें वाक्य तर कोणत्याच प्रोग्रॅमांत नव्हतें.

शनिवारीं आम्ही वाडीवर गेलों. चौदा क्विंटलांचे, एकशें वीस रुपयांप्रमाणें, एक हजार सहाशें ऐंशी रुपये पाकिटांत घालून नेले होते. तात्यांनीं ते घ्यावयास प्रथम मान हलविली. मग कांहीं विचार करून पाकीट उघडलें, नोटा मोजल्या आणि म्हणाले, "टेम्पोचं भाडं कापा की यातलं. लातूरला गेलो असतो तर लागलंच असतं." भाडें किती यावर थोडी घासाघीस झाली; ती उलट्या बाजूनें, म्हणजे ते वाढवून सांगत होते आणि आम्ही कमी करीत होतों. शेवटीं सहाशें रुपये त्यांनीं आमच्या हातावर ठेवले व बाकीचे टोपींत खोंवले. व्यापाऱ्याविषयीं ते एक शब्द बोलले नाहींत. फळ्यावर जें लिहिलें होतें तेंच त्यानें दिलें होतें.

बुधवारीं ज्यांनीं ज्यांनीं माल दिला असेल त्यांनीं येऊन भेटावें, असें आम्हीं फळ्यावर लिहिलें. आणखी दोघे आले. त्यांचाहि हिशेब केला.

तेव्हांपासून तो नियम प्रोग्रॅमांतून काढून टाकला आहे. ओळ सांपडली नाहीं तर भावाच्या जागीं रेघ येते आणि आम्ही फळ्यावर रेघच ओढतों. प्रत्येक भावापुढें तो कोणत्या तारखेचा हेंहि लिहितों. त्यामुळें अक्षर बारीक काढावें लागतें आणि म्हाताऱ्या माणसांना तें लांबून दिसत नाहीं अशी तक्रार आहे. तात्या अजून येतात. तारीख लिहिलेली असतांहि ते ती वाचीत नाहींत, पायरीशीं काठी टेंकून दाराकडे पाहत विचारतात, "गुरुजी, आजचा हाय का कालचा?" आम्ही आंत जाऊन पडदा पुन्हा एकदां पाहून येतों, आणि मग सांगतों.